आंबोली उतरताना ब्रेक नरम पडतो : सहा हजारांत घरी काय सुधारता येईल?

रांगडा_गडी

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची वॅगन आर, साधं एलएक्सआय मॉडेल. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आम्ही कोल्हापूरचे, सासुरवाडी सावंतवाडीची, त्यामुळे आजरा-आंबोली रस्ता ठरलेला. गाडीत चौघं आणि डिकी गच्च. आंबोलीच्या धबधब्यापर्यंत सगळं झकास. तिथून उतरत दाणोलीच्या जवळ आलो की पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली जातं, दोनदा मारल्याशिवाय ब्रेक धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणठणीत.

गॅरेजमध्ये दाखवली. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, ब्रेकला काही झालेलं नाही, असं उत्तर मिळालं. मित्रमंडळींचं वेगळंच. भोकं पाडलेल्या डिस्क टाक, मागचे ड्रम काढून भंगार बाजारातून मोठ्या गाडीच्या डिस्क बसव, स्टीलच्या जाळीचे होजपाइप टाक. बजेट सहा हजार, लई ताणलं तर साडेसहा. जॅक, रिंग पाने, गोटी पान्यांचा संच घरात आहे. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग मीच बदलतो. ब्रेकला अजून हात लावलेला नाही. सुरुवात कशापासून करू?

मॅगव्हील

भोकांच्या डिस्क टाक भावा. आणि कॅलिपरला लाल रंग दे. निम्मा ब्रेक तिथंच लागतो.

तेलकट_हात

मॅगव्हील, तुमचा सल्ला फोटो काढण्यापुरता चांगला आहे :)

रांगडा_गडी, आधी एक सांगा. घाटाच्या शेवटी पेडल खाली जातं आणि स्पंजासारखं लागतं, की पेडल कडक असतं पण गाडी थांबत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी. पेडल कडक राहून गाडी घसरतच राहिली तर पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापलेत, घर्षण कमी झालंय, बहुतेक वेळा जळका वासही येतो. पेडल नरम पडून खाली गेलं तर संशय ऑइलवर. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा. त्यातलं ब्रेक ऑइल उकळतं, त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाची सगळी मेहनत ती वाफ दाबण्यात जाते आणि पॅड ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत जोर पोहोचत नाही. गार झालं की वाफेचा पुन्हा द्रव, म्हणून सकाळी सगळं ठणठणीत. गॅरेजवाल्याला सकाळची गाडी दाखवून काय दिसणार?

आणि दुसरा प्रश्न: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

रांगडा_गडी

स्पंजासारखं आणि खाली. वास एकदा आला होता, पण तो पुढच्या ट्रकचा असेल म्हणून सोडून दिलं. ऑइल बदललेलं नाही. कमी झालं की वरून टाकतात सर्व्हिसिंगला. गाडी मी सेकंड हँड घेतली, आधीच्या मालकाचं माहीत नाही.

तेलकट_हात

मग तुमचं अपग्रेड अडीचशे-तीनशे रुपयांच्या बाटलीत आहे असं समजा.

ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं. टाकीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून, सीलमधून हळूहळू पाणी शिरतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे, बाटलीवर लिहिलेले असतात. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळायला हवं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला नवं असताना २३०, पाणी मुरल्यावर १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. ही तिन्ही ग्लायकॉलच्या जातीची, एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, नावात ५ दोन्हीकडे आहे म्हणून फसू नका, ते आपल्या गाडीत टाकायचं नाही.

वरून टाकत राहण्याने काही होत नाही. टाकीतलं नवं ऑइल टाकीतच राहतं, कॅलिपरमधलं जुनं तिथंच. आणि तापतो तो कॅलिपर.

दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. कोकणात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

आकडेमोड

तेलकट ताईंना अनुमोदन. थोडा हिशोब मांडतो, कारण 'घाटात ब्रेक तापतात' हे सगळे म्हणतात, किती तापतात ते कोणी सांगत नाही.

गाडी साधारण ९०० किलो, माणसं-सामान धरून ११५०. ताशी ८० वरून पूर्ण थांबायला ब्रेकना सुमारे २८५ किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कवर येते असं धरू. एक डिस्क चार किलोची धरली तर एका थांब्यात ती ५०-५५ अंशांनी तापते. रोजच्या रस्त्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत ती गार होते, विषय संपला.

आता आंबोली. वर साधारण ६९० मीटर, पायथ्याला शंभर-दीडशे. साडेपाचशे मीटरचा उतार म्हणजे ६.२ मेगाज्यूल. वेग न वाढू देता खाली यायचं तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. टायर आणि हवा मिळून तिसरा हिस्सा खातात. उरलेली चार मेगाज्यूल. इंजिनाने काहीच रोखलं नाही तर ही सगळी ब्रेकमध्ये. म्हणजे ताशी ८० वरून कचकन थांबण्याचे १४ थांबे, मध्ये धड गार व्हायला उसंत नाही, कारण पाय सतत पेडलवर आणि वेग ३०-४० असल्यामुळे डिस्कला वाराही कमी.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर उंची याच्या दुपटीहून जास्त.

तेव्हा १४० अंशांना उकळणारं जुनं ऑइल दाणोलीपर्यंत तग धरतं हेच कौतुक.

सह्यकडा

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). असा हिशोब गाडीच्या पुस्तकात का देत नाहीत?

नाना_आगारवाले

एसटीच्या आगारात उभी नोकरी झाली, म्हणून चार शब्द.

ऑइल बदला, जरूर बदला. पण पोरा, तू घाट कोणत्या गिअरात उतरतोस ते सांगितलं नाहीस. आकडेमोड यांनी 'इंजिनाने काहीच रोखलं नाही तर' असं लिहिलंय, सगळी मेख तिथं आहे. ज्या गिअरात घाट चढतोस त्याच गिअरात उतर, हे आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगत. तीव्र उताराला दुसरा, बाकी ठिकाणी तिसरा. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वेग वाढला की ठामपणे दाबायचा, वेग उतरवायचा, सोडून द्यायचा. सोडलेल्या वेळात डिस्कला वारा मिळतो.

न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग अजून भेटतात. आणि किल्ली बंद करून उतरणारेही. इंजिन बंद झालं की पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधली निर्वात पोकळी दोन-तीन ब्रेकात संपते. मग पेडल दगड.

रांगडा_गडी

नाना, खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चौथ्यात. दुसऱ्यात टाकलं की इंजिन ओरडतं, मंडळी घाबरतात. पेट्रोलपण जास्त जातं ना?

आकडेमोड

जात नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल बंदच करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये उलट ते चालू ठेवायला थोडं पेट्रोल लागतं. ही न्यूट्रलची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली.

ओरडू दे. टॅकोमीटर असेल तर लाल पट्ट्याखाली ठेवा, बस.

मॅगव्हील

सगळं मान्य. पण मागे डिस्क असलेली गाडी ब्रेकिंगला चांगली असते हे तर खरं ना? भंगार बाजारात सेट मिळतो, आमच्या ओळखीच्याने लावलाय.

श्टुटगार्टची_माऊ

इथे कोणी असं करून गाडी तपासणीला नेली तर नंबरप्लेटसकट घरी परत येणार नाही :) जर्मनीत ब्रेकला लावलेल्या प्रत्येक भागाला मंजुरी लागते. साधे पॅड बदलायचे तरी त्यांच्यावर आर ९० या नियमाचा शिक्का बघतात. त्या नियमाचा अर्थ असा की बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असली पाहिजे. लक्षात घ्या, आतबाहेर. फार जास्त चावणारा पॅडही नापास.

कारण तेच आहे जे मॅगव्हील यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून कंपनीने मुद्दाम मागचा ब्रेक कमी ठेवलेला असतो. मागे मोठी डिस्क लावून तो वाढवलात तर ओल्या वळणावर आधी मागची चाकं लॉक होतात आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. एबीएस नसलेल्या गाडीत ते सावरायला कोणी नाही. शिवाय पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर एका दमात जेवढं ऑइल ढकलतो ते जुन्या पिस्टनांच्या मापाने ठरलेलं. मोठे पिस्टन लावले की पेडल आणखी खाली. हँडब्रेकचं काय करणार, हा वेगळाच प्रश्न.

तेलकट_हात

आणि आपल्याकडेही मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ आहेच. गाडीत निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मुभा नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मागे दुसऱ्याच गाडीची डिस्क पाहिली की पुढचा पत्रव्यवहार कल्पनेवर सोडते.

भोकांच्या डिस्कबद्दलही सांगते. १३ इंची रिमच्या आत मूळ मापाचीच डिस्क बसणार. तिला भोकं पाडली म्हणजे उष्णता साठवायला लोखंड कमी झालं. स्वस्त डिस्कला त्या भोकांपासून तडे जातात. स्टीलच्या जाळीच्या होजने पेडल जरा कडक लागतं, गाडी कमी अंतरात थांबत नाही. पण १२ वर्षांचे रबरी होज मात्र तपासाच. वाकवून बघा, भेगा दिसल्या की साधे ओरिजिनल टाका. कधीकधी बाहेरून धडधाकट होज आतून सुजतो, ऑइल आत जातं पण परत येत नाही. मग ते चाक घासतच राहतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

जर्सीतला_पंत

पॅड घेताना एक गोष्ट बघा, आपल्याकडे फार कोणी सांगत नाही. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं एफ आणि दुसरं ई असेल तर तो पॅड गरम झाल्यावर ढिला पडणार. घाटासाठी निदान एफएफ बघा. अर्थात अक्षरं म्हणजे सर्वस्व नाही, पॅड किती टिकेल, किंचाळेल का, हे त्यातून कळत नाही.

पॅकिंग बघून भुलू नका. नामांकित कंपनीच्या नावाची नकली खोकी बाजारात असतात. बिल मिळेल अशा दुकानातून घ्या.

रांगडा_गडी

म्हणजे रेसचे पॅड टाकले तर अजून भारी?

जर्सीतला_पंत

अजिबात नको. ते तापल्यावर चावतात. सकाळी सोसायटीच्या गेटवर गार असताना मुलगा सायकल घेऊन आडवा आला तर तुम्हाला पहिल्याच दाबाला ब्रेक हवा. रोजच्या गाडीला रोजचेच पॅड.

नाना_आगारवाले

एवढं सगळं वाचलं. आता मला न पटणारं बोलतो. ब्रेकचं काम पहिल्यांदा मोबाइलवर बघून घरी करू नये. प्लग चुकीचा बसला तर गाडी बंद पडेल, ब्रेक चुकला तर गाडी चालूच राहील.

तेलकट_हात

नाना, तुमचा मुद्दा मानून पुढे जाते. पण रस्त्याकडेच्या गॅरेजात डिझेलने धुतलेले ब्रेक आणि स्लाइड पिनला (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) चाकाचं ग्रीस फासलेलं मी पाहिलंय. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस लागलं की ब्रेकचं रबर फुगतं, पिन जाम. स्वतः करणारा निदान जपून तरी करतो.

मधला मार्ग सुचवते. पुढची बाजू आणि ऑइल घरी करा, पण जाणकार माणूस शेजारी उभा ठेवून. मागचे ड्रम काढायला पुलर लागतो, तेवढं गॅरेजात उघडा आणि समोर उभे राहून बघा.

नाना_आगारवाले

हे पटलं. मग पोरा, ध्यानात ठेव. गाडीतल्या कात्री जॅकच्या भरवशावर चाक काढून हात घालायचा नाही. घोडीची (जॅक स्टँडची) जोडी विकत घे, आधी ती, मग पॅड. जमीन सपाट आणि पक्की हवी. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लाव.

कॅलिपर उघडलास की होजवर लोंबकळत सोडू नको, तारेने स्प्रिंगला बांध. पिस्टन आत दाबताना कॅलिपरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड) पारदर्शक नळी लावून निपल जरा सैल कर आणि मग हळूहळू दाब. जुनं गाळाचं ऑइल बाहेर बाटलीत जाईल, उलट वर मास्टरकडे ढकललं जाणार नाही. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नको, लगेच भरपूर पाणी ओत. नाहीतर रंग उठतो.

आणि पॅडची धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं. आम्ही कोणी तेव्हा तोंडाला फडकंसुद्धा बांधलं नाही. तू बांध.

बेळगावी_कुंदा

ब्रेकच्या लाइनीतली हवा काढायची पद्धत लिवा की कोणीतरी. आमच्याकडं बायको पेडल मारतीय, मी खाली पाना धरतोय, निम्मा वेळ भांडणातच जातोय.

तेलकट_हात

शब्द ठरवून घ्या. 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'धर' म्हटलं की धरून ठेवायचं, मी निपल उघडते, ऑइल येतं, बंद करते, मग 'सोड'. निपल उघडं असताना पेडल सोडलं की हवा आत. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडलेलं असू दे. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, दर पाच-सहा दाबांनंतर वर बघायचं. या सगळ्यात सर्वात जास्त चुकतं ते हेच.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी जात नाही तिथे गंज आणि गाळ असतो. सील त्यावरून घासलं की फाटतं आणि बरी चाललेली गाडी कायमची बिघडते. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा.

कोणतं चाक आधी? बहुतेक ठिकाणी मास्टरपासून सर्वात लांबचं आधी सांगतात, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. पण छोट्या गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरक्या विभागलेल्या असतात, पुढचं उजवं आणि मागचं डावं एका सर्किटवर, त्यामुळे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा क्रम मिळाला तर तोच धरा.

पाऊस पडत असताना हे काम नको.

रांगडा_गडी

मंडळी, काम झालं. गल्लीतले एक काका गॅरेजातून निवृत्त झालेत, ते खुर्ची टाकून शेजारी बसले. चहा तीनदा झाला.

पुढचं उजवं चाक सरळ निघालं, पॅड व्यवस्थित. डावं उघडलं आणि काका हसायला लागले. बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त, आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला. कॅलिपरची खालची स्लाइड पिन जाम. त्यामुळे एकच बाजू घासत होती, तीही कायम. गॅरेजवाल्याने रिमच्या जाळीतून बाहेरचा पॅड बघून सांगितलं असणार. ताई, तो जळका वास ट्रकचा नव्हता.

पिन काढली, बारीक पॉलिश पेपरने साफ केली, रबर बूट नवे टाकले, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं. आता बोटाने सरकते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरने मोजली, अजून शिल्लक आहे. लेथवर फेसिंगची गरज नाही म्हणाले काका, पेडल थरथरत नाही तर उगाच लोखंड कशाला उतरवायचं. नवे पॅड एफएफचे मिळाले.

ऑइल पारदर्शक नळीतून आलं ते तपकिरी-काळं. चारही चाकांना स्वच्छ येईपर्यंत मारलं, एक लिटर हाताशी होतं. डॉट ४ टाकलं.

मागचं गॅरेजात उघडलं तर उजव्या व्हील सिलिंडरचं रबर उचलल्यावर ओलं. तो सिलिंडर ढकलतो त्या शूवरही (ड्रमला आतून घासणारा भाग) थोडा ओलावा. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शू बदलले. हिशोब असा: पॅड ११००, ऑइल ५५०, ब्रेक क्लीनर ३००, ग्रीस १५०, पिनांचे रबर २५०, घोडी १४००, मागचं सगळं मजुरीसकट २४००. एकूण ६१५०.

पॅड लगेच जोरात मारायचे नाहीत म्हणाले काका. बायपासला रात्री मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं चालवून गार करायचं, असं आठ-दहा वेळा. सुरुवातीला जरा घसरल्यासारखं वाटलं, मग पकड आली.

नाना_आगारवाले

शाब्बास. मागचे दोन्ही सिलिंडर एकदम बदललेस ते बरं केलंस. एक गळला की दुसरा फार मागे नसतो. चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळलेस का? छोट्या मारुतीला साधारण ८५ न्यूटन मीटर. पाइप घालून उड्या मारून आवळायचे नाहीत. १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपास. आणि मागच्या शूंची सेटिंग झाली का? हँडब्रेकच्या टिकटिक मोज.

रांगडा_गडी

आधी दहा-अकरा टिकटिक लागायच्या, आता सात. पेडलपण वर आलंय. टॉर्क रेंच काकांचा.

आंबोली उतरून आलो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात. पेडल दाणोलीलाही तसंच. मागे बसलेल्यांना इंजिनाच्या आवाजाचं कारण समजावून सांगितलं, पुढच्या वेळी ऐकतील.

सह्यकडा

अभिनंदन. पण मग फरक नक्की कशाने पडला? ऑइल, पिन, शू की गिअर?

आकडेमोड

सगळं एकदम बदललं की तसा निवाडा करता येत नाही. माझा अंदाज, डाव्या कॅलिपरची जाम पिन हे मूळ. तो पॅड सतत घासत असल्यामुळे ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत होतं आणि जुनं ऑइल आधी तिथं उकळत होतं. नुसतं ऑइल बदललं असतं तर घाटाच्या शेवटापर्यंत कदाचित तगलं असतं आणि जाम पिन तशीच राहिली असती. त्यामुळे माझ्या मते पहिला खर्च घोडी आणि ब्रेक क्लीनरचा, उघडून बघण्याचा. सुटे भाग काय लागतात ते नंतर कळतं.

यात टायरचा कोणी उल्लेख केला नाही. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. सहा-सात वर्षांचं, कडक झालेलं टायर असेल तर नवे पॅड चाक लवकर लॉक करतील एवढंच. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष.

चिपळूणची_सुमी

आमच्याकडे पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक सुटत नाही, मग गिअर टाकून जोर लावला की 'टक्' असा आवाज होऊन सुटतं. हे धोक्याचं आहे का?

तेलकट_हात

सुमी, कोकणातल्या दमट हवेत शू ड्रमला गंजाने चिकटतात. टक् करून सुटणं एकदोनदा चालेल, पण रोज जोर लावलात तर लायनर शूपासून उखडू शकतो. सपाट जागेवर जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरात ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. उभी करायच्या आधी, गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून आल्यावर, थोडं अंतर हलका ब्रेक लावत चालवा म्हणजे ड्रम कोरडे होतात. तरीही चिकटत असेल तर हँडब्रेकची वायर आतून गंजलीय का ते बघायला सांगा.

बेळगावी_कुंदा

माझ्या गाडीला एबीएस हाय. ही घरची पद्धत चालतीय का?

तेलकट_हात

टाकी रिकामी न होऊ देता नुसतं ऑइल बदलणार असाल तर बहुतेक गाड्यांत चालते. पण हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर आतले व्हॉल्व्ह उघडायला स्कॅनर लागतो, तिथे घरचं काम संपलं. पाइप उघडायचे असतील तर सर्व्हिस सेंटरलाच जा. आणि मागे डिस्क असेल, हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. जोर लावून मोडू नका.

मॅगव्हील

लाल रंग तरी दिला का कॅलिपरला?

रांगडा_गडी

काकांनी ब्रश हातातून काढून घेतला.

एक शेवटची शंका. ऑइलची अर्धी बाटली उरलीय. क्लचला टाकू का?

नाना_आगारवाले

तुझ्या वॅगन आरचा क्लच वायरवर चालतो रे. कुठं टाकणार? आणि उघडी बाटली पुढच्या पावसाळ्यापर्यंत जपून ठेवू नको, झाकण घट्ट लावलं तरी. गटारात ओतायचं नाही. गॅरेजात जुन्या ऑइलचा वेगळा डबा असतो, तिथं नेऊन दे.